प्रत्यारोपणाआधी रक्त चढवावं की टाळावं? आणि टिश्यू मॅचिंगला खरंच किती महत्त्व?

पाणकणीस
माझा धाकटा भाऊ डायलिसिसवर आहे आणि आता किडनी प्रत्यारोपणाची तयारी सुरू आहे. दाता म्हणून आईच्या आणि माझ्या तपासण्या झाल्या. रक्तगट दोघींचाही चालतो. टिश्यू टायपिंगमध्ये आईचं सहापैकी तीन जुळलं आणि माझं शून्य. सख्खी बहीण असून शून्य! आईचं वय बघता मलाच द्यायची आहे, पण या आकड्यानंतर घरात सगळे गप्प झालेत.

त्यातच भावाचं हिमोग्लोबिन साडेसातच्या आसपास आलं. डायलिसिसला सांगतात, एक पिशवी चढवून घ्या, बरं वाटेल. प्रत्यारोपण समन्वयक म्हणतात, शक्यतो रक्त घेऊच नका, अँटीबॉडी (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) तयार होतात. आणि बाबांचे एक मित्र निवृत्त डॉक्टर आहेत, ते म्हणाले की १९८०च्या सुमारास प्रत्यारोपणाआधी मुद्दाम रक्त द्यायचे, कारण त्याने किडनी जास्त टिकायची! एकाच गोष्टीबद्दल तीन जाणकार तीन गोष्टी सांगतात तेव्हा आमच्यासारख्यांनी काय करायचं? डॉक्टरांशी बोलणं चालू आहेच, पण नेमके कोणते प्रश्न विचारायचे तेही कळत नाहीये. जे यातून गेलेत किंवा या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया लिहा.

उनाडपक्षी
भावाला मनापासून शुभेच्छा. माझ्या माहितीप्रमाणे रक्तगट जुळला की निम्मं काम झालं. हल्लीची औषधं बाकीचं सांभाळून घेतात. मॅचिंगचा फार ताण घेऊ नका.

मेघश्याम
मी या विषयात काम करतो. भावाचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी त्या शून्याबद्दल. टिश्यू टायपिंगमध्ये एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पाहतात. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून असतात आणि सहसा एकगठ्ठाच पुढच्या पिढीत जातात. प्रत्येकाला एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. दोन भावंडांना दोन्हीकडून तेच गठ्ठे मिळण्याची शक्यता चारात एक, दोन्हीकडून वेगळे मिळण्याचीही चारात एक, आणि उरलेल्या वेळी निम्मं जुळतं. तुमच्या वाट्याला दोन्हीकडून वेगळे आले, एवढंच. आईचं निम्मं जुळणं मात्र ठरलेलंच असतं, कारण भावाचा एक गठ्ठा तिचाच आहे. रिपोर्टमधले 'सहा' म्हणजे ए, बी आणि डीआर या तीन जागांचे प्रत्येकी दोन.

उनाडपक्षी, रक्तगटाचं महत्त्व खरं आहे. रक्तगटाच्या खुणा तांबड्या पेशींपुरत्या नसतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात, म्हणून गट चुकला की किडनीच्या आतूनच हल्ला सुरू होतो. पण त्यापुढे आणखी दोन वेगळे प्रश्न उरतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. टायपिंग सांगतं की दाता आणि रुग्ण किती वेगळे आहेत. क्रॉसमॅच सांगतं की रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध अँटीबॉडी आत्ताच तयार आहेत का. त्यासाठी दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि रुग्णाचं सिरम (रक्तातला पेशींविना उरलेला द्रव) एकत्र करून बघतात.

या दुसऱ्या प्रश्नाचं वजन किती, ते पटेल आणि तेरासाकी या संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना केलेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ किडन्या लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. तेव्हापासून क्रॉसमॅचशिवाय किडनी बसवत नाहीत. पाणकणीसताई, तुमचा क्रॉसमॅच झाला का? मला त्या शून्यापेक्षा त्याची जास्त उत्सुकता आहे.

पाणकणीस
@मेघश्याम, खूप आभार. क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे, दोघींचाही. अँटीबॉडीची तपासणीही झाली, त्यात 'लक्षणीय काही नाही' असं लिहिलंय. म्हणजे मी बाद नाही?

मेघश्याम
अजिबात नाही. १९९५ मध्ये तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतली आकडेवारी मांडली होती. नवरा-बायकोनी एकमेकांना दिलेल्या किडन्यांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनी चालू होत्या. आई-वडिलांनी दिलेल्या ८२ टक्के, मृत दात्यांच्या ७० टक्के. नवरा-बायकोत जनुकांचं नातं नसतं, जुळणी बहुतेक वेळा कमीच. तरी किडनी टिकते, कारण जिवंत, निरोगी माणसाची किडनी काढल्याबरोबर बसवली जाते. मृत दात्याच्या किडनीला मृत्यूच्या आधीचा आघात आणि बर्फातले तास, दोन्ही सोसावे लागतात.

गोकर्ण
माझ्या मावशीची किडनी काकांना दिली आहे. दोघांचं टीव्हीच्या चॅनेलवरूनसुद्धा जुळत नाही, पण किडनी मात्र इतकी वर्षं गुण्यागोविंदाने नांदतेय :)

सदाफुली
गोकर्ण, हे मी आमच्या डायलिसिसच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणार. तिथे हसायला मिळालं तर हवंच असतं.

जुना_तंत्रज्ञ
मी रक्तपेढीत आणि नंतर टिश्यू टायपिंगच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तुमच्या बाबांचे मित्र आणि समन्वयक दोघेही बरोबर सांगताहेत. मधे काळ गेला आहे, आणि तो सगळा सांगितल्याशिवाय हा गुंता सुटणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

मुळात एचएलए सापडलं तेच रक्त चढवण्यामुळे. फ्रान्समध्ये जाँ दोसे यांच्या लक्षात आलं की अनेकदा रक्त घेतलेल्या रुग्णांचं सिरम दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या करतं. त्यावरून त्यांनी १९५८ मध्ये या कुळातला पहिला अँटिजेन (अँटीबॉडी जिला ओळखते ती खूण) नोंदवला. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये यॉन व्हान रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना तशाच अँटीबॉडी बाळंत झालेल्या स्त्रियांच्या रक्तात दिसल्या. अँटीबॉडी कशाने होतात या प्रश्नाची दोन मोठी उत्तरं तेव्हाच मिळाली होती: रक्त आणि गर्भारपण. तिसरं अर्थातच आधीचं प्रत्यारोपण. दोसे यांना १९८० मध्ये नोबेल मिळालं.

त्यामुळे साठच्या दशकाअखेर डॉक्टर रक्ताला भिऊ लागले होते. आणि १९७३ मध्ये ओपेल्झ, तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी नेमकं उलटं दाखवलं. ज्यांना आधी रक्त चढवलं होतं त्यांच्यात मृत दात्याची किडनी जास्त टिकत होती, आणि जास्त पिशव्या घेतलेल्यांमध्ये आणखी जास्त. आधी कोणाचा विश्वास बसेना. मग ठिकठिकाणी तेच दिसलं आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीवरच्या रुग्णांना मुद्दाम रक्त देण्याची पद्धत पडली. १९८०च्या सुमारास तर जिवंत दात्याचंच रक्त थोडं थोडं रुग्णाला द्यायचे. ज्यांच्यात अँटीबॉडी होत नसत त्यांची प्रत्यारोपणं उत्तम चालत. पण साधारण तिघांमागे एकात त्या दात्याविरुद्धच अँटीबॉडी होत आणि तो दाता कायमचा हातचा जाई. आई किडनी द्यायला तयार आहे आणि तिचंच रक्त दिल्यामुळे ती आता देऊ शकत नाही, हे घरच्यांना सांगताना काय होत असेल, विचार करा.

मग सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आलं. केंब्रिजला रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये ते रुग्णांवर वापरलं, १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्त न घेतलेल्यांच्या किडन्याही टिकू लागल्या आणि रक्ताचा फायदा विरत गेला. त्याच काळात एचआयव्ही आणि काविळीची धास्ती वाढली. १९८९ मध्ये एरिथ्रोपोएटिनला (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनला) मान्यता मिळाल्यावर रक्ताची गरजच खूप कमी झाली. फायदा गेला, तोटा तेवढाच राहिला. समन्वयक आजचं सांगतात, बाबांचे मित्र तेव्हाचं.

शब्दवेल्हाळ
जुना_तंत्रज्ञ, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून यायला हवा. वाचनखूण साठवली.

चक्रपाणि
इतिहास आवडला, पण 'फायदा गेला' हे मला इतकं सरळ वाटत नाही. ओपेल्झ यांनीच १९९७ मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास आहे. सायक्लोस्पोरिनच्या काळातला. एका गटाला आधी तीन वेळा रक्त दिलं, दुसऱ्याला नाही. वर्षाअखेर ९० टक्के विरुद्ध ८२ टक्के किडन्या चालू, पाच वर्षांनी ७९ विरुद्ध ७०. हा फरक किरकोळ म्हणता येईल का? मग आज कोणी देत का नाही?

जुना_तंत्रज्ञ
किरकोळ नाही, आणि तुम्ही तो आणलात ते बरं झालं. पण टिकण्याचे आकडे प्रत्यारोपण झालेल्यांचेच असतात. अँटीबॉडी वाढल्यामुळे वर्षानुवर्षं यादीत अडकलेला माणूस त्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही. माझ्याकडे दर महिन्याला अशा रुग्णांच्या सिरमच्या कुप्या यायच्या. काहींची नावं पाठ झाली होती. दर वेळी क्रॉसमॅच लावायचा आणि दर वेळी पॉझिटिव्ह.

मेघश्याम
+१. चक्रपाणि, भर एवढीच की आज टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर, आधी रक्त न देताही, पहिल्या वर्षी मृत दात्याच्या किडन्या ९० टक्क्यांहून जास्त टिकतात. रक्ताने जे मिळवायचं होतं ते गोळ्यांनी मिळतं, मग अँटीबॉडीचा धोका का पत्करायचा?

रक्ताने फायदा का व्हायचा, हे मात्र अजून पुरतं उलगडलेलं नाही. एक मत असं की परक्या पेशी थोड्या थोड्या दिसत राहिल्याने प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी वाढतात. दुसरं मत जास्त साधं आहे. रक्त दिल्यावर ज्यांच्यात अँटीबॉडी उसळायच्या त्यांचा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येऊन ते त्या दात्यापासून आपोआप वगळले जायचे, आणि किडनी मिळायची ती मुळातच सौम्य प्रतिक्रिया देणाऱ्यांना. मला दोन्हीत तथ्य वाटतं.

रेवती_
जुना_तंत्रज्ञ यांनी गर्भारपणाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. एरवी मी इथे फक्त वाचते.

मला दोन मुलं. दुसऱ्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला आणि रक्त चढवावं लागलं, त्यानेच जीव वाचला. पुढे बऱ्याच वर्षांनी किडन्या गेल्या. नवरा एका पायावर तयार, रक्तगट सारखा, सगळ्या तपासण्या उत्तम. आणि क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी समजावलं की मुलांमध्ये निम्मे एचएलए वडिलांचे असतात. ती मुलं माझ्या पोटात वाढली तेव्हा माझ्या शरीराने त्या निम्म्याशी ओळख करून घेतली होती, आणि नंतरच्या रक्तामुळे एकूणच अँटीबॉडी वाढल्या. म्हणजे ज्याची मुलं मी वाढवली त्याचीच किडनी मला चालणार नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही दोघंही खूप रडलो.

शेवटी अदलाबदलीतून मार्ग निघाला. आमच्यासारखंच अडलेलं दुसरं जोडपं मिळालं. माझ्या नवऱ्याची किडनी त्यांच्याकडे, त्यांच्यातल्या दात्याची माझ्याकडे. एकाच दिवशी चार ऑपरेशनं. आज माझं क्रिएटिनिन १.१ आहे, म्हणजे किडनी छान चालते आहे.

बायकांना हे कोणी आधी सांगत नाही. किडनीचा आजार आहे आणि मुलं झालेली आहेत, तर अँटीबॉडीची तपासणी लवकर करून घ्या. आणि नवऱ्याचा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला तर तो कोणाचाही दोष नाही.

सदाफुली
रेवतीताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्या वहिनीचं अगदी हेच झालं होतं आणि सासरचे म्हणत होते की नवऱ्यालाच द्यायची नसेल. त्यांना हा प्रतिसाद वाचायला देते.

शब्दवेल्हाळ
थोडं अवांतर. माझ्या वडिलांचं यकृत प्रत्यारोपण झालं तेव्हा रक्तगट आणि आकार पाहिला, टिश्यू मॅचिंगचा विषयही निघाला नाही. ऑपरेशनमध्ये पिशव्यांवर पिशव्या रक्त गेलं. हा किडनीचाच हट्ट का?

मेघश्याम
यकृत खरंच वेगळं आहे. अँटीबॉडीचा मारा ते बराच पचवतं, एचएलए जुळणीचा त्याच्या टिकण्यावर फारसा परिणाम दिसत नाही. हृदयाला जुळणीचा फायदा होईल, पण बाहेर काढल्यावर साधारण चार तासांत बसवायला हवं, मग जुळणारा माणूस शोधणार कधी? म्हणून तिथे रुग्णाच्या अँटीबॉडी आधीच ओळखून ठेवतात आणि ते अँटिजेन असलेला दाता टाळतात. बुबुळाच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे बहुतेकांना जुळणी लागत नाही. किडनी थंड ठेवून दिवसभर थांबू शकते, म्हणून तिच्या बाबतीत निवड करायला सवड मिळाली.

उनाडपक्षी
यकृताला लागत नाही, नवरा-बायकोला लागत नाही, औषधं चांगली झाली आहेत. मग मी पहिल्याच प्रतिसादात म्हणत होतो तेच ना? मॅचिंगचा बाऊ नको.

चक्रपाणि
@उनाडपक्षी, बाऊ नको हे मान्य. पण 'फरक पडत नाही' असं म्हणाल तर वाद घालणार. अमेरिकेत १९८७ ते २०१३ मध्ये मृत दात्याची पहिली किडनी मिळालेल्या १,८९,००० हून जास्त प्रौढांचा अभ्यास झाला आहे. एकही विसंगती (न जुळलेला अँटिजेन) नसलेल्यांच्या तुलनेत एक विसंगती असेल तर किडनी निकामी होण्याचा धोका १३ टक्क्यांनी जास्त, आणि सहाच्या सहा असतील तर ६४ टक्क्यांनी. ही सायक्लोस्पोरिननंतरच्या काळातलीच आकडेवारी आहे. व्हान रूड यांनी १९६७ मध्ये युरोट्रान्सप्लांट ही अवयववाटपाची संस्था उभी केली ती याचसाठी, अनेक देशांतल्या रुग्णांमधून जुळणारा माणूस सापडावा म्हणून.

मेघश्याम
आणि दुसरी बाजू उद्याची असते. आज विसंगत असलेल्या प्रत्येक अँटिजेनविरुद्ध पुढे नव्याने अँटीबॉडी होऊ शकते. ती किडनी हळूहळू, वर्षानुवर्षं खात राहते, आणि सर्वात जास्त दिसते ती डीक्यू या जागेविरुद्ध, जी त्या सहाच्या हिशोबात धरलेलीच नसते. पहिली किडनी गेली की याच अँटीबॉडी दुसरी मिळणं अवघड करतात. तरुण रुग्णाला आयुष्यात दुसरी किडनी लागण्याची शक्यता बरीच, म्हणून त्याच्यासाठी जुळणीचा विचार जास्त बारकाईने करावा. गोळ्या चुकवल्या की नव्या अँटीबॉडीचा धोका वाढतो. पाणकणीसताई, तुमच्या भावासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं: शून्य जुळणीची किडनी चालेल, पण गोळ्यांची वेळ चुकवणं चालणार नाही.

उनाडपक्षी
आता पटलं. आकडेवारीबद्दल आभार.

गोकर्ण
एक शंका. हल्ली पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मिळतं ना? एचएलए पांढऱ्या पेशींवर असतात, मग त्या गाळल्या की प्रश्न मिटला. आणि ते किरणोत्सर्ग दिलेलं रक्त?

जुना_तंत्रज्ञ
चांगला प्रश्न. तांबड्या पेशींच्या साध्या पिशवीत अब्जाच्या घरात पांढऱ्या पेशी असतात, गाळणीनंतर त्या काही लाखांवर येतात. म्हणून गाळलेलंच मागावं, यात शंका नाही. पण धोका शून्य होत नाही. प्लेटलेटवर एचएलए असतात आणि तांबड्या पेशींवरही थोडे असतात. एकेका पेशीवर नगण्य, पण पिशवीत तांबड्या पेशी किती, याचा विचार करा.

किरण दिलेल्या रक्ताचा उद्देश वेगळा आहे. त्यातल्या लिम्फोसाइट रुग्णाच्या अंगात वाढून त्याच्यावरच उलटू नयेत म्हणून ते करतात. पेशी वाढू शकत नाहीत, पण त्यांच्यावरचे एचएलए जागच्या जागी राहतात. अँटीबॉडी टाळायला त्याचा उपयोग नाही.

पाणकणीस
सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही इथले मुद्दे लिहून नेले आणि डॉक्टरांनी शांतपणे वेळ दिला. भावाला थकवा आहे, पण छातीत दुखणं किंवा बसल्याजागी धाप नाही, म्हणून तूर्त रक्त द्यायचं नाही असं ठरलं. तपासणीत लोह खूप कमी निघालं, ते शिरेतून सुरू केलंय आणि एरिथ्रोपोएटिनचा डोस वाढवला. त्यांनी हेही सांगितलं की लोहच कमी असेल तर ते इंजेक्शन नीट काम करत नाही. माझ्या नावाला तत्त्वतः होकार मिळाला आहे!

अजून एक विचारायचं राहिलं. पुढेमागे रक्त द्यावंच लागलं तर परक्याचं कशाला, मी किंवा आई देऊ का? घरचं रक्त जास्त सुरक्षित ना?

जुना_तंत्रज्ञ
पाणकणीस, अजिबात नको! तुम्ही, आई, वडील, मामा, कोणीही रक्ताच्या नात्यातलं नको. तुमचं रक्त त्याला दिलं तर अँटीबॉडी नेमक्या तुमच्याविरुद्ध होऊ शकतात. आईचं दिलं तर आईविरुद्ध, आणि मामाचं दिलं तरी आईशी सामाईक असलेल्या एचएलएविरुद्ध. शिवाय जवळच्या नातेवाइकाचं रक्त किरण न देता दिलं तर वर सांगितलेला पेशी उलटण्याचा धोकाही जास्त असतो. पेढीतलं, अनोळखी दात्याचं, गाळलेलं रक्तच घ्या.

रेवती_
आणि एक कळकळीची विनंती. हा धागा वाचून कोणी 'रक्त नकोच' असा हट्ट धरू नका. रक्तस्राव होत असेल, छातीत दुखत असेल, डॉक्टर 'आत्ता द्यायलाच हवं' म्हणत असतील तर द्या. मला तेव्हा दिलं नसतं तर माझी मुलं आईविना वाढली असती. अँटीबॉडीवर पुढे मार्ग काढता येतात. अदलाबदल आहे, प्लाझ्मा बदलून अँटीबॉडी कमी करता येतात.

मेघश्याम
पूर्ण सहमत. त्यात इमलिफिडेसची भर घाला. हे एका जिवाणूपासून मिळवलेलं एन्झाइम आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी काही तासांत तोडतं. युरोपमध्ये २०२० मध्ये त्याला सशर्त मान्यता मिळाली, ज्यांचा क्रॉसमॅच जवळजवळ प्रत्येक दात्याशी पॉझिटिव्ह येतो अशांसाठी.

सदाफुली
माझ्या दिराला मागच्या आठवड्यात अपघातानंतर दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. तोही यादीत आहे. आता काय करायचं? कोणाला सांगावं लागतं का?

मेघश्याम
हो, लगेच कळवा. तारीख, किती पिशव्या, गाळलेलं होतं का, आणि प्लेटलेट दिल्या का, हे प्रत्यारोपण समन्वयकांना सांगा. अँटीबॉडी दिसायला वेळ लागतो, म्हणून रक्त दिल्यावर साधारण दोन आणि चार आठवड्यांनी सिरमचा नवा नमुना पाठवायला सांगा. जुन्या नमुन्यावर क्रॉसमॅच निगेटिव्ह आला तरी त्यावर विसंबता येत नाही. या काळात किडनी उपलब्ध असल्याचा फोन आला, तर पहिल्याच वाक्यात सांगा की नुकतंच रक्त घेतलं आहे.

सदाफुली
उद्या सकाळीच फोन करते. डिस्चार्जच्या कागदावर पिशव्यांचे नंबर आहेत, तेही देऊ ना?

जुना_तंत्रज्ञ
जरूर द्या. त्या नंबरावरून रक्तपेढीला सांगता येतं की पिशवी गाळलेली होती की नाही.